पाव सेंट आणि एक फोटो

प्रिय रोझलिन,

परवा रविवारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, नाताळात पाठवलेला फोटो कुठे लावलात?" आणि मी ठोकून दिलं, "शेकोटीच्या वर, घड्याळाशेजारी." थाप होती ती. तो फोटो तुझ्या आईच्या कपाटात आहे, तिच्या इस्त्रीच्या टेबलामागे, तोंड भिंतीकडे करून. एवढी सुरेख लाकडी चौकट करून पाठवलास तू, आणि मी खोकं उघडलं त्या दिवसापासून त्याच्याकडे पाहिलेलं नाही. पाहायला गेलो असतो तरी धड दिसला नसता, ही आणखी एक गोष्ट. तिच्याकडे येतोच आहे. अक्षर एवढं ढब्बू आणि काळ्या जाड पेनाने का काढलंय, असं तुझ्या मनात आलंच असेल. एका कागदावर चारच वाक्यं मावतात, म्हणून पाकीट इतकं फुगलंय. पोस्टातल्या बाईंनी विचारलंच तर सांगेन, मुलीला पुस्तक पाठवतोय.

सरळच लिहितो. मी आता गाडी चालवत नाही. गेल्याच्या गेल्या वसंतापासून चालवत नाही. माझ्या नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग बसलाय. कडेचं सगळं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं दिसत नाही. माणूस समोर आला की त्याचे कान दिसतात, चेहरा नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयाने होतं, वाढेल सावकाश, मागे फिरणार नाही. लायसन्सचं नूतनीकरण करायला गेलो तेव्हा खिडकीत माझीच एक जुनी विद्यार्थिनी बसली होती. मी नजर तपासायच्या यंत्रात डोळे घातले आणि अंदाजपंचे अक्षरं म्हणायला लागलो. ती बिचारी म्हणते, "सर, घाई नाही हो, पुन्हा एकदा बघा ना." मग मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं, तेव्हा मला कळलं की ती ओठ हलवून मला उत्तरं सांगत होती, आणि तेही मला दिसत नव्हतं. ज्या मास्तराने चाळीस वर्षं या गावातल्या पोरांना गाडी शिकवली, त्याला कॉपी करायला मदत करत होती ती. मी म्हटलं, राहू दे बाळ, मी खरं तर साधं ओळखपत्र करायलाच आलो होतो. तिने ते करून दिलं. दिसायला अगदी लायसन्ससारखं असतं.

तुला का सांगितलं नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. आईच्या अंत्यसंस्कारानंतर स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता तू म्हणाली होतीस, "बाबा, ज्या दिवशी तुमची गाडी सुटेल त्या दिवशी तुम्ही आमच्याकडे यायचं. मग हुज्जत घालायची नाही." मी हो म्हणालो होतो. तेव्हा मला वाटलं होतं, तो दिवस येण्याआधी मीच जाईन. तुझ्या ॲरिझोनाला मी नावं ठेवत नाही. तुझं घर मोठं आहे, पोरं गोड आहेत, पोहायचा तलावसुद्धा आहे. पण मला इथली ओल हवी, इथला तो चिखलाचा मार्च हवा, आणि टेकडीवरच्या दफनभूमीत तुझी आई आहे. म्हणून जवळजवळ दोन वर्षं मी तुला दर रविवारी खोट्या रपेटी ऐकवत आलो. तळ्यावर गेलो होतो, पलीकडच्या गावात ॲपल पाय खाऊन आलो. शेजाऱ्यांनाही फसवत होतो. सकाळी गाडी दारासमोर सुरू करून नुसता बसायचो, रेडिओ ऐकायचो, मग बंद करून आत यायचो. शनिवारी धुवायचो. आपल्या मिलब्रुक गावात इतकी स्वच्छ ब्यूइक गाडी दुसरी नसेल.

आणि फिरायचो बसने, चार नंबरच्या. तू इथे असताना ती होती की नाही कुणास ठाऊक, तू कधी तिच्याकडे बघितलं नसशील. आपण कुणीच बघत नव्हतो. बस म्हणजे ज्याला काही इलाज नाही त्याची सवारी, असंच आपण मानत आलो, आणि ते मानायला मीच पोरांना शिकवलं. कुणी समांतर पार्किंग करताना खुणेचा शंकू पाडला की माझं ठरलेलं वाक्य होतं, "असंच शिकलास तर जन्मभर बसने फिरशील." पोरं हसायची. मी घराजवळच्या थांब्यावर चढत नसे, ओळखीचं कुणी बघेल म्हणून मुद्दाम पुढच्या थांब्यावर चालत जायचो. पहिल्याच दिवशी चढलो तर पुढच्या बाकावर एक बाई बसलेली. तिने शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली, "बसा, प्रुएट सर. मला म्हणाला होतात ना, नीट शिकली नाहीस तर जन्मभर बसने फिरशील? मी तर बाई नीट शिकले होते. तुमचं कुठे चुकलं?" सगळी बस खदखदून हसली. ड्रायव्हरही हसला. मला तर वाटलं, तिथेच उतरावं. पण ती पिशवी मांडीवर घेऊन माझ्यासाठी सरकून बसली होती, आणि पाय दुखत होते, म्हणून बसलो.

ही व्होनेटा टिब्ज. तुझ्याहून दोनतीन वर्षांनी पुढे होती शाळेत. गाडी उत्तम चालवायची, पण घ्यायला आणि ठेवायला परवडली नाही, एवढंच. वृद्धाश्रमात संध्याकाळची पाळी करायची. म्हाताऱ्यांना जेवू घालणं, आंघोळी, औषधं. रोज दुपारी मी वाचनालयातून परतायचो तेव्हा ती कामाला निघालेली असायची. हळूहळू मला त्या बाकाची सवय झाली. वाणसामानाच्या दुकानात डब्यांवरची नावं वाचता येत नाहीत, रंगावरून उचलतो. एकदा सूप समजून कुत्र्याचं खाणं घेऊन आलो, तर ती म्हणाली, "सर, कुत्रा पाळलात की स्वतःच भुंकणार?" आणि पुढच्या थांब्यावर उतरून माझ्याबरोबर परत दुकानात आली, बदलून दिलं. आईकडे टेकडीवर जायलाही हीच बस, रविवारी. दूरच्या थांब्यावर का चढतो म्हणून तिने विचारलं, तेव्हा मी तिला तुला दिलेलं ते वचन सांगितलं. जगात तेवढ्या एकाच माणसाला सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग नाहीच कळू द्यायचं. ॲरिझोनाच्या उन्हात तुमचे पापड होतील."

गेल्या उन्हाळ्यात बसमध्ये सूचना लागली. राज्याकडून येणारं अनुदान संपत होतं. काउंटीच्या सरकारने स्वतः पैसा उभा केला नाही तर जानेवारीपासून संध्याकाळच्या आणि रविवारच्या फेऱ्या बंद. पैसा उभा करायचा म्हणजे विक्रीकर वाढवायचा, डॉलरमागे पाव सेंट, आणि तो लोकांनी नोव्हेंबरच्या मतदानात मंजूर केला तरच. व्होनेटाने आणि ओटिस म्हणून तिच्या चर्चमधले एक गृहस्थ आहेत, त्यांनी मिळून 'हो'ची मोहीम काढली. चर्चच्या तळघरात एक टेबल, एक कॉफीचं भांडं, दारोदार फिरणारी दहाबारा माणसं. मुळात आपल्याकडे कराला कुणी हो म्हणत नाही, त्यात बसच्या करासाठी तर ज्यांच्या दारात दोन दोन गाड्या उभ्या त्यांच्याकडूनच मत मागायचं. व्होनेटा दारं ठोठावून सांगायची, "पाव सेंट हो, तुमच्या सोफ्याच्या फटीत याहून जास्त निघेल." तिने मलाही अंगणात लावायला 'हो'ची पाटी आणून दिली. मी म्हटलं, नको, माझ्या बायकोच्या गुलाबांची मुळं दुखावतील. ती पाटी परत घेऊन गेली.

सप्टेंबरच्या शेवटी कर्टिस बोमन आला. तुला आठवेल, फर्निचरच्या दुकानाचा. त्याचं 'नाही'चं म्हणणं अगदी टाकाऊ नव्हतं, हेही खरं. तो म्हणायचा, इथे कर वाढला की लोक हद्द ओलांडून शेजारच्या काउंटीत सोफे घ्यायला जातील. बरोबर फोटो काढणारी एक मुलगी होती. तो ओसरीवर उभा राहून म्हणाला, "सर, या गावात तुमच्या शब्दाइतकं वजन कुणाच्याच शब्दाला नाही. आमच्या पिढीला स्टिअरिंग कुणी दिलं? तुम्ही. नुसते गाडीत बसा, चावी हातात धरा, एक फोटो. बाकी आम्ही बघतो." रोझलिन, एक वाक्य पुरलं असतं. "कर्टिस, मला दिसत नाही." एवढंच. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, शपथ घेऊन सांगतो. पण तो मला स्टिअरिंगवर बसवायला निघाला होता. दीड वर्षात पहिल्यांदा कुणाला तरी मी तो जुना प्रुएट सर वाटत होतो. मी म्हणालो, "थांब, चावी आणतो." आत जाऊन शर्ट बदलला. इस्त्रीचा घातला.

गाडी दारातच उभी होती, ती हलवावी लागली नाही, हे नशीब. मुलगी म्हणाली, "सर, कॅमेऱ्याकडे बघा." मला कॅमेरा दिसत नव्हता. तिने दोनदा सांगितलं, मग चुटकी वाजवली, आणि मी चुटकीच्या दिशेने हसलो. म्हणून त्या फोटोत माझी नजर जरा लांबवर लागलेली आहे. तू म्हणालीस ना, "बाबा, काय रुबाब! क्षितिजाकडे बघताय जसे." क्षितिज कुठलं, मी त्या मुलीचा आवाज शोधत होतो. पत्रकात फोटोखाली छापलं होतं, "मी तुम्हाला गाडी चालवायला शिकवलं. तुमचा पैसा तुमच्याच टाकीत राहू द्या. नाही म्हणा." हे वाक्य मी उच्चारलेलं नाही, पण खोडलंही नाही. कर्टिसने वाचून दाखवलं, मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्याच्या माणसांनी येऊन 'नाही'ची पाटी अंगणात ठोकली. गुलाबांना काही झालं नाही.

ते पत्रक काउंटीतल्या प्रत्येक टपालपेटीत पडलं. तुझ्या त्या मैत्रिणीच्या, जोलीनच्या पेटीत पडलं आणि तिने ते मोठ्या कौतुकाने तुला पाठवलं, आणि त्यातलाच फोटो तू चौकटीत घातलास. बसमधल्या प्रत्येकाच्या घरीही पडलंच असणार. त्या दिवशी बसमध्ये चढलो तर कुणी चकार शब्द काढेना. ड्रायव्हर रोज म्हणतो, "या सर, सांभाळून," तोही गप्प. चेहरे तर मला दिसत नाहीत, पण एवढी माणसं गप्प बसली की ते चेहरा न बघताही कळतं. व्होनेटाने पिशवी उचलली. रोजच्यासारखीच. मी बसलो. मग ती म्हणाली, "फोटो चांगला आलाय सर. शर्ट शोभतो." बस्स. मला वाटत होतं, तिने चारचौघांत माझी टर उडवावी, शिव्या घालाव्यात, तोंडावर ते पत्रक फेकावं. तिने नुसतं खिडकीबाहेर बघितलं. मी माझा थांबा कधी गेला ते न कळून पुढे कुठेतरी उतरलो आणि चालत आलो. त्यानंतर कितीतरी दिवस मी रोज ठरवायचो, आज बोलू, आणि रोज कुत्र्याच्या खाण्यापासून हवेपर्यंत सगळं बोलायचो, तेवढं सोडून.

मतदानाला मी बसनेच गेलो. दारात कर्टिसचे लोक उभे होते, त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला, "सर, तुमच्यासारखे लोक आहेत म्हणून." आत भिंग लावून, नाक कागदाला टेकवून मी 'हो'वर खूण केली. कुणाला कळणार होतं? गुप्त मतदान मोठं सोयीचं असतं. माझं स्वतःचं एक मत 'हो', आणि माझ्या फोटोमुळे पडलेली 'नाही' किती, हे देवालाच माहीत. 'हो'ची बाजू हरली. थोडक्यात हरली. जेवढ्या माणसांनी ती हरली तेवढी आपल्या शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये सहज बसली असती, आणि त्यांतली बरीचशी माझ्या हाताखालून गेलेली असणार. मी स्वतःची समजूत घातली की एका फोटोने काही होत नाही. म्हणजे बघ, फोटो काढला तेव्हा गावात माझ्या शब्दाला वजन होतं, आणि हरल्यावर अजिबात नव्हतं.

जानेवारीत संध्याकाळची बस बंद झाली. व्होनेटाला रात्री घरी पोचवायला कुणी नाही, म्हणून संध्याकाळची पाळी सोडावी लागली. आता ती त्याच आश्रमात सकाळी धुलाईघरात असते. पगार कमी, आणि ज्या म्हाताऱ्यांचं ती करायची ते आता दुसऱ्यांच्या हाती. त्यांतल्या एक बाई म्हणे तिच्याशिवाय कुणाच्या हातून जेवत नाहीत. हे तिने मला सांगितलं नाही, तिच्याबरोबर काम करणारी एकजण बसमध्ये दुसरीला सांगत होती. माझंही रविवारी टेकडीवर जाणं थांबलं. हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. माझं थांबलं ते रास्तच झालं.

मग गेल्या आठवड्यात ओटिस भेटले. शांत माणूस, चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. थांब्यावर माझ्याशेजारी उभे राहिले. मग एकदम म्हणाले, "प्रुएटसाहेब, मला हे पोटात ठेवणं जमत नाही. तुमचा बसमधला फोटो आमच्याकडे होता." झालं होतं असं की सप्टेंबरात त्यांनी आपल्या पत्रकासाठी बसमधल्या लोकांचे फोटो काढले होते. त्यात मीही आलो होतो. व्होनेटाशेजारच्या बाकावर, वाणसामानाची पिशवी पोटाशी धरून, ढाराढूर झोपलेला. कर्टिसचं पत्रक आलं त्या दिवशी तळघरात सगळे म्हणाले, हे दोन फोटो शेजारी शेजारी छापा, खाली एक अक्षरही लिहायला नको, जिंकलो आपण. "आणि जिंकलो असतो हो," ओटिस म्हणाले. "हसून हसून लोकांनी हो म्हटलं असतं. मी छपाईवाल्याला फोन लावला होता. व्होनेटाने माझ्या हातातून फोन काढून घेतला. म्हणाली, त्यांच्या मुलीने हे बघितलं तर ती त्यांना घेऊन जाईल. एका म्हाताऱ्याला घरातून काढून मला बस नको. मी तिला म्हटलं, अगं तुझी नोकरी जाईल. तर म्हणते, जाऊ दे." तेवढ्यात बस आली. त्यांनी मला हाताला धरून चढवलं, आणि हाताला धरलं म्हणून मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रोझलिन, तुझी आई गेली तेव्हाही मी असा कोसळलो नव्हतो. मला लाज वाटत होती ती आंधळेपणाची, बसची, हातातल्या पिशवीची. काय काय लपवत होतो मी, आणि ज्याची खरी लाज वाटायला हवी होती ते तू चौकटीत घालून पाठवलंस! तुझा दोष नाही, पोरी. तू प्रेमाने पाठवलंस. पण ते खोकं उघडलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि फोनवर मी तुला म्हणालो, "मस्तच."

बुधवारी चर्चच्या तळघरात गेलो. ती माणसं हरून गप्प बसलेली नाहीत. मे महिन्याच्या मतदानात तोच प्रश्न पुन्हा येतोय, तेवढ्या सह्या त्यांनी गोळा केल्या, काउंटीच्या कमिशनरांना पटवलं. व्होनेटा खुर्च्या मांडत होती. मी टेबलाला धरून उभा राहिलो आणि एकदाचं बोललो. कसं बोललो ते आठवत नाही, धड वाक्यं नव्हती. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "राग आला होता सर, खोटं कशाला सांगू? दोन दिवस तुमच्या नावाने बोटं मोडली. तिसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा कुत्र्याचा डबा उचललात, मग काय करणार?" मी विचारलं, तो फोटो का छापला नाहीस? तुला दिलेल्या वचनाचं तिने नावही काढलं नाही. नुसतं म्हणाली, "तुम्ही झोपला होतात त्यात. झोपलेल्या माणसाची परवानगी कशी घेणार?" मी म्हटलं, आता जागा आहे. आता घे. छाप तो. ती म्हणाली, "अहो, तोंड उघडं आहे त्यात. लाळ गळतेय." मी म्हटलं, तोच छाप. मग ती हसायची थांबली. म्हणाली, "आणि रोझलिन?"

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. मी व्होनेटाला म्हणालो, रोझलिनला मी सगळं सांगितलंय, ती म्हणते, बाबा, खुशाल तिथेच राहा. ही माझी शेवटची थाप, आणि ती मी मारली नसती तर तिने तो फोटो छापूच दिला नसता, म्हणून तू ती उघडी पाडू नकोस. शुक्रवारी पत्रक छापायला जातंय. त्यावर उघड्या तोंडाने झोपलेला तुझा बाप आहे, आणि खाली माझे स्वतःचे शब्द आहेत, "मी वेंडल प्रुएट. तुमच्यापैकी कितीतरी जणांना मी गाडी शिकवली. मला आता दिसत नाही. मी चार नंबरच्या बसने फिरतो, आणि गेल्या वेळी मी खोटं बोललो." जोलीन तुला पाठवेलच, तिच्या आधी तुला माझ्याकडून कळावं. तुला दिलेला शब्द मी जवळजवळ दोन वर्षं चोरून मोडला, आता मोडणार नाही. तू ये आणि मला घेऊन जा, मी हुज्जत घालणार नाही. घर विक, गाडी विक, गुलाब मात्र कुणाला तरी दे. बस सुरू झाली तर व्होनेटा तिच्यातून रात्री घरी जाईल, मी तेव्हा इथे नसेन, आणि ते ठीकच आहे. माझं एकच मागणं आहे. मत इथे राहणाऱ्यालाच देता येतं, आणि मतदान मेमधल्या पहिल्या मंगळवारी आहे. त्या आधी येऊ नकोस. विमानाचं तिकीट बुधवारचं काढ.

तुझाच, आणि या खेपेला खरं बोलणारा,
बाबा